आधी आई-आबांचं

2024 च्या दिवाळीत आबांनी सगळ्यांना जवळ बसवलं आणि सांगून टाकलं, "आता सगळं धाकट्याच्या नावावर करून देतो. जमीन बी आन् घर बी. माझं काय राहिलंय आता?"

धाकटा भाऊ गावातच असतो, शेती तोच बघतो. थोरला दादा कोपरखैरण्याला, माथाडी कामगार. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात असं घर शोधून सापडायचं नाही, ज्यातलं कुणी माथाडीत नाही. मी वाईला शिक्षिका. वावरात स्ट्रॉबेरीच्या विंटर डॉन जातीच्या रोपांना पहिली फुलं आली होती आणि घरात सगळे गप्प होते. आई चुलीपुढं बसून होती. तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. खरं तर ज्या घरावर आबा पाणी सोडायला निघाले होते, त्याच्या पायाचे दगड तिनं डोक्यावरून वाहिलेले आहेत.

आबांचं वय 78. हेतू वाईट मुळीच नव्हता. आपल्यामागे पोरांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यात कुणीतरी सांगितलेलं, की मुलाला शेतजमीन आणि राहतं घर बक्षीस द्यायला 200 रुपयांचं मुद्रांक शुल्क पुरतं. ही माहिती खरी आहे. नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि विधवा सून यांच्यासाठी महाराष्ट्रानं 2015 मध्ये ही सवलत दिली. सवलत चांगली, पण तिच्यामुळे बक्षीसपत्र म्हणजे किरकोळ कागद, अशी समजूत गावोगाव पसरली. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं आणि जिवंतपणी हवं तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी त्याच दिवशी जाते. देणारा उद्यापासून आपल्याच घरात दुसऱ्याच्या मर्जीनं राहतो.

आमच्या भागात ही मर्जी फार महाग पडते. 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. डोंगर आणि जंगल राखायला ते गरजेचंच होतं. पण बांधकामाजोगी जागा मोजकी आणि मागणी पुण्या-मुंबईची, त्यामुळे एकेका गुंठ्यावर लोकांचे डोळे. स्ट्रॉबेरीच्या वाफ्याकडे बघत "दरी किती छान दिसते हो इथून" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फळं घ्यायला आलेला नसतो.

आमच्याच तालुक्यातली एक म्हातारी मला माहीत आहे. नवरा गेल्यावर तिनं सगळं मुलाला बक्षीस दिलं. दस्तात लिहिलेलं, 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी'. दोन वर्षांत मुलानं रस्त्याकडेचा तुकडा विकला, मग घर. ती आता एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये राहते आणि पाहुण्यांच्या भाकऱ्या थापते. आबांना मी तिचीच गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आपला पोरगा तसला न्हाई." धाकटा खरंच तसला नाही, आजही नाही. पण त्याला कर्ज होऊ शकतं, तो आजारी पडू शकतो, आणि देव न करो, पण आबांच्या आधी जाऊही शकतो. मग घर त्याच्या वारसांचं होणार. एवढं बोलल्यावर धाकटाच उठला आणि म्हणाला, "आबा, ताई म्हणतीय तर एकदा वकिलाला विचारूया."

वाईच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सल्ला दिलाच नाही. "आधी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार आणा," म्हणाल्या. घरी पत्र्याची ट्रंक उघडली. वरती सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, खाली घडीवर फाटलेले हातानं लिहिलेले उतारे. त्यातल्या आबांच्या नावापुढं अक्षरं होती, 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारले तेव्हा रिवाजाप्रमाणं थोरल्या मुलाचं नाव लागलं आणि बाकीच्यांची नावं दिसेनाशी झाली. आजोबांची लेकरं चार, आबा, काका आणि दोन आत्या. काका बिनमुलाबाळांचे गेले, काकू आमच्यातच राहते. आत्यांची नावं तर एका जुन्या फेरफारात 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली होती. लग्न झालेल्या मुलींना कित्येक गावांत याच रकान्यात बसवलंय.

म्हणजे आबा जी सगळी जमीन देऊन टाकायला निघाले होते, ती सगळी त्यांची नव्हतीच. वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा होता, आणि स्ट्रॉबेरीच्या पैशातून नंतर घेतलेले तीस गुंठे तेवढे स्वकष्टार्जित. घर आबांनी बांधलेलं, पण त्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता, आणि तो उतारा कर आकारणीसाठी असतो, मालकीसाठी नाही. अशा स्थितीत बक्षीसपत्र झालं असतं, तर ज्या भांडणाला आबा भीत होते त्याचाच तो पहिला कागद ठरला असता.

2025 च्या जानेवारीत, 2 तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्याचा निकाल दिला. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या या आईनं 2019 मध्ये मुलाला मालमत्ता बक्षीस दिली आणि त्यानं सांभाळलं नाही. न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द करून ताबा आईला परत द्यायला लावला. आधार होता ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या चरितार्थ व कल्याण कायद्याच्या कलम 23 चा. देताना सांभाळण्याची अट घातली असेल आणि घेणाऱ्यानं ती पाळली नाही, तर हस्तांतरण रद्द करता येतं. वकीलबाईंनी लगेच पुढचंही सांगितलं. 2022 मध्ये याच न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात म्हटलं होतं, की अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम 23 लागू होत नाही. आउटहाउसमधली म्हातारी इथंच अडकली. 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' या शब्दांत अट कुठे आहे? नुसत्या चरितार्थासाठी ती वाईला प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढं जाऊ शकते. साठी ओलांडलेल्या कुणाही माणसाला जाता येतं. तिथं महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरवून मिळते. पण मुलाविरुद्ध अर्ज लिहायला ती तयार नाही. "पोटचं हाय ते," एवढंच म्हणते. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. म्हणूनच वाटतं, की अट दस्त करतानाच लिहायला हवी. नंतर आईबापांचा हात लिहायला उचलत नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये शासनाची 'जिवंत सातबारा' मोहीम आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. चावडीत वाचन झालं. एकेक नाव पुकारलं जायचं आणि लोक एकमेकांकडे बघायचे. काही नावं अशी, की ती माणसं बघितलेलं कुणी गावात उरलं नव्हतं. पुढच्या टप्प्यात ए. कु. मॅ. सारख्या कालबाह्य नोंदी काढण्याचंही काम घेतलं. आम्ही मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन तलाठ्यांकडे गेलो. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तोंडात तलाठीच येतं.

आत्यांना आबा स्वतः भेटायला गेले, आणि ते मला फार बरं वाटलं. मेढ्याची आत्या आधी घाबरली. तिला वाटलं, हक्कसोडपत्रावर सही मागायला आलेत. आबा म्हणाले, "सही मागाया न्हाई, तुझं नाव लावाया आलोय." ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "लाव. मला वाटणी नको. पण कागदावर असू दे, बाबांची लेक हाय म्हणून." दुसऱ्या आत्यानं विचार करून सांगते म्हटलं. तो तिचा हक्क आहे, आणि तिनं तो सोडू नये असंच माझं मत आहे.

मग माझ्यावर आलं. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क दिला. बाप 2005 च्या आधी गेला असला तरी हयात मुलीचा हक्क जात नाही, हे विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला पक्कं झालं. हे सगळं मला पाठ होतं. तरीही आपल्याच अंगणात बसून, "माझाही हिस्सा लिहा," म्हणताना घसा कोरडा पडला. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं दिवाळीला साडी-चोळी करायची, हा आमच्याकडचा अलिखित करार आहे. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे सांगतच मुली वाढवल्या जातात. दादा फोनवर गप्प होता. नंतर म्हणाला, "घे की. तुझं हाय ते. फक्त इकायचं झालं तर आधी आम्हाला सांग." धाकट्याची बायको मात्र महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती आणि त्याबद्दल मला तिचा राग नाही. त्या वाफ्यांवर पहाटे थंडीत वाकून फळं खुडते ती. त्यामुळेच मी म्हटलं, की नाव माझं असू दे, जमीन तुम्हीच करा. आणि आबांना म्हटलं, स्वकष्टार्जित तीस गुंठे जो कसतो त्याला द्या. तिथं मी काही मागणार नाही. धाकट्याच्या कष्टांची बरोबरी वारसा कायदा करत नाही. ती मृत्युपत्रातच करता येते.

यात सगळ्यांत पुढचा विचार केला तो काकूनं. सत्तरी उलटलेली, चौथी शिकलेली बाई. काकांच्या वाट्यामुळे ती आता सातबाऱ्यावर येणार होती. बचत गटातले आणि नर्सरीतल्या मजुरीतले पैसे तिनं साठवले होते, चार सोन्याच्या बांगड्या होत्या. तिच्या मनात होतं, की पैसे आणि बांगड्या माहेरच्या भाचीला द्याव्यात. तीच तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला येऊन राहिली होती. वकीलबाईंनी सांगितलं, की निपुत्रिक हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईवरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, म्हणजे आमचा. माहेर त्याच्या मागे. 1956 पासून कायदा हाच आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. काकू क्षणभरच थांबली. "मग ल्ह्या माझं बी," म्हणाली.

आबा अस्वस्थ झाले. पैशाचं काही नाही, पण काकूनं जमिनीचा हिस्साही भाचीला दिला तर? विधवेला नवऱ्याकडून आलेल्या हिश्श्यावर तिची पूर्ण मालकी असते, ती तो कुणालाही देऊ शकते. आबांनी आडून विचारलं. काकूनं सरळ उत्तर दिलं, "भावजी, ते मी कुनाला सांगनार न्हाई." तिनं मृत्युपत्र पाकिटात बंद करून साताऱ्याला जिल्हा निबंधकांकडे ठेवलं. नोंदणी कायद्यात मोहोरबंद पाकिटाची ही सोय 1908 पासून आहे, पण माझ्या माहितीत आमच्याकडे ती वापरणारी काकू पहिलीच. आबांनी नंतर एकदाही विषय काढला नाही. मला एवढं मात्र दिसतं, की घरात काकूला आता चहा कुणीतरी आणून देतं. हे स्वार्थापोटी असेल का, असा विचार माझ्याही मनात येतो. आला तरी येऊ दे. तिला चहा मिळतोय.

आबांच्या मृत्युपत्राची नोंदणी मे महिन्याच्या शेवटी झाली. त्या वर्षी पाऊस मेमध्येच कोसळला, भिंतींना गवत बांधायचंही राहून गेलं होतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं आणि नोंदणीची सक्तीही नाही. पण नोंदलेल्या कागदाला वजन येतं, आणि त्याचं शुल्क अवघं 100 रुपये. साक्षीदार दोघे, मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे आणि आबांपेक्षा वयानं लहान. आदल्या दिवशी डॉक्टरांकडून, आबा शुद्धीत आणि समजून-उमजून सही करू शकतात, असा दाखला घेतला होता.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा काही केल्या मशीनवर उठेना. आयुष्यभर माती, खत आणि औषधाच्या फवाऱ्यात बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. कारकुनानं ओला फडका दिला, आबांनी अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. एक-एक बोट करत शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा उमटला. मग साहेबांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि आबांना एकट्याला विचारलं, की हे स्वतःच्या मर्जीनं करताय ना, कुणी दबाव आणलाय का. दाराच्या फटीतून आबांचा आवाज आला, "साहेब, आधी चूक करणार व्हतो. आता इचार करून करतोय." ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी अधिकारी घरी येऊनही नोंदणी करतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

मृत्युपत्रात घर आईला लिहिलं आहे, तिच्या पूर्ण मालकीनं. 'हयातभर राहू द्यावे' एवढंच लिहूया, असं एकानं सुचवलं होतं. मी ते होऊ दिलं नाही. राहू देणारा दुसरा आला, की राहणारा आश्रित होतो. तीस गुंठे धाकट्याला, वडिलोपार्जितातला आबांचा स्वतःचा हिस्सा दादाला आणि धाकट्याला निम्मा-निम्मा. ठेवींवर नॉमिनी धाकट्याचं नाव होतं, म्हणून पैसा त्याचाच असं सगळे धरून चालले होते. नॉमिनी हा फक्त रक्कम स्वीकारणारा विश्वस्त. मालक वारस, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव तो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं 14 डिसेंबर 2023 ला हेच सांगितलं. म्हणून ठेवी आईला, असं वेगळ्या कलमात लिहिलं.

साताऱ्याच्या माणसाला अखेरच्या घटकेच्या कागदाचं भय वेगळं सांगायला नको. 5 एप्रिल 1848 ला साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी मरणाच्या काही तास आधी दत्तक घेतला, कंपनी सरकारनं तो मानला नाही आणि राज्य खालसा झालं. तिथं सरकारची नियत वाईट होती, हे खरंच. पण आजही हॉस्पिटलच्या खाटेवर घेतलेल्या अंगठ्यावर कुणीतरी संशय घेतंच, आणि खटला नातवंडांपर्यंत चालतो. हातपाय चालत असताना केलेल्या कागदाला तो धोका कमी.

एक कागद आमच्याकडे अजून व्हायचा आहे. पावसाळ्यात रात्री एखाद्याला गंभीर दुखलं, तर धुक्यातून पसरणी घाट उतरून वाई, नाहीतर पुढं सातारा गाठावं लागतं. नेताना नेणारा घाबरलेला असतो आणि तिथं यंत्रावर ठेवायचं का, हे त्यालाच विचारतात. आबा म्हणतात, "मला नळ्या लावून ठिवू नका." हे नुसतं बोलून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. दादाला हे ऐकवत नाही, तो विषय काढला की फोन ठेवतो. पण आबांनी ठरवलंय आणि या दिवाळीला दादा आला की त्याच्यासमोरच ते लिहायचं आहे.

वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. मुलांवरचा विश्वास ढळू देऊ नका, पण राहतं घर आणि जोडीदाराचं पोट बक्षीसपत्रात घालू नका. घालायचंच असेल, तर सांभाळण्याची अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहिली आहे का, हे सही करण्याआधी मुलांखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आणि सांभाळ होत नसेल, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे. तिथं फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.